गराजवरची खोली

घर घेताना तपासणीला जो इन्स्पेक्टर आला होता, त्यानं उल्काला एक गोष्ट दोनदा सांगितली होती, आणि नेमकी तीच तिनं कानाआड केली.

"ही खोली गराजच्या वर आहे," तो जिन्यात थांबून म्हणाला होता. "इथे लहान मूल झोपवू नका. खालचं दार चौकटीत नीट बसत नाही, पाइपांभोवती फटी आहेत. गराजमधली हवा सरळ वर येते." जाताना बूट घालता घालता त्यानं तेच पुन्हा सांगितलं.

आता उल्का काही सूचना न ऐकणाऱ्यांतली नव्हे. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय ती मुलीच्या हातात देत नसे. पडद्यांच्या दोऱ्या तिनं एवढ्या उंचावर बांधल्या होत्या की पडदे उघडायला खुर्ची लागायची. कॅरी या त्यांच्या अमेरिकेतल्या गावातल्या मराठी बायका तिच्या घरी यायच्या आधी आपापल्या मुलांना सर्दी नाही ना हे तपासून घ्यायच्या, कारण दारातच विचारणा व्हायची. पण इन्स्पेक्टर गेला आणि संध्याकाळी तिचा नवरा यतीन फोनवरचं होकायंत्र हातात धरून घरभर फिरला. पलीकडे व्हिडिओ कॉलवर नागपूरहून त्याची आई, सुलेखाबाई, चष्मा लावून बसल्या होत्या.

"ईशान्येला हीच खोली येते? मग झालं तर. सकाळचं ऊन येतंय, लेकराला हीच द्या."

उल्कानं विचार केला, गराजमध्ये असून असून काय असणार? सकाळी बाहेर जाणारी आणि संध्याकाळी परत येणारी एक साधी गाडी. खोलीत पिवळा रंग लागला, भिंतीवर हत्ती आले, आणि अडीच वर्षांची मीरा तिथे झोपू लागली.

ऑक्टोबरात ती साधी गाडी ड्राइव्हवेवर गेली, कारण गराजमध्ये दुसरी गाडी आली. आली म्हणजे, खोक्यांतून आली. ट्रकवाल्यानं लाकडी पेटारे उतरवले, लोखंडी नळ्यांचा एक सांगाडा उतरवला, फायबरची एक पोकळ लाल बॉडी उतरवली आणि सही घेऊन तो निघून गेला. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या दोन-सीटर गाडीची ती नक्कल होती. हिवाळाभर घरच्या घरी जोडायची आणि वसंतात चालवायची.

"दोन-सीटर?" उल्कानं विचारलं. "आपण तिघं आहोत."

"अगं, प्रश्न सीटचा नाहीये. मीराला दिसलं पाहिजे की बाबा हातानं काहीतरी बनवतो. दिवसभर स्क्रीनसमोर बसलेला बाप बघून तिला काय वाटेल? आणि मी मूळचा मेकॅनिकलच आहे."

यतीन रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या एका औषध कंपनीत सॉफ्टवेअर आर्किटेक्ट होता. या आर्किटेक्टनं लग्नानंतर घरात एकच खिळा ठोकला होता, आणि त्यावरचं घड्याळ मीराच्या जन्माआधीच खाली आलं होतं. पण मूळचा मेकॅनिकल असणं ही अशी गोष्ट आहे की ती माणसाच्या अंगातून जात नाही. पुण्याच्या कॉलेजातून मेकॅनिकलची डिग्री घ्यायची, कॅम्पसमध्ये सॉफ्टवेअर कंपनीनं उचलायचं, आणि पुढं पंधरा वर्षं कोड लिहिताना मनातल्या मनात पाना-हातोडा घेऊन बसायचं. कॅरीत असे किती आहेत ते खोकी उघडली तेव्हा कळलं. दर शनिवारी गराजमध्ये चार-पाच मूळचे मेकॅनिकल जमू लागले. चहा उल्काच्या घरचा आणि सल्ला प्रत्येकाचा स्वतःचा.

गाडी जोडायची त्यांची पद्धतही ऑफिसातलीच होती. भिंतीवर पांढरा बोर्ड लागला. त्यावर करायची कामं, चालू कामं आणि झालेली कामं, असे तीन रकाने, आणि रंगीत चिठ्ठ्या. सकाळी सगळे गोल उभे राहून काल काय केलं आणि आज काय अडलंय ते सांगत. बहुतेकांनी काल ऑफिसचं काम केलेलं असे आणि आज बायकोनं अडवलेलं असे. एका शनिवारी 'ब्रेक' ही चिठ्ठी झालेल्या कामांत गेलेली उल्काला दिसली.

"ब्रेक लागतात?"

"एका चाकाला लागतो," यतीन म्हणाला. "बाकीचे पुढच्या स्प्रिंटमध्ये, दोन आठवड्यांनी."

या सगळ्यांचा मुख्य सल्लागार मात्र न्यू जर्सीत होता. परीक्षित हा यतीनचा हॉस्टेलमधला रूममेट. तो आयसेलिनला राहायचा आणि दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर हजर असायचा. यतीननं फोन गाडीच्या सांगाड्यालाच क्लॅम्पनं आवळून ठेवला होता, त्यामुळे परीक्षितला दिवसभर बहुधा एक स्प्रिंग आणि कुणाचं तरी कोपर दिसत असावं.

"यार, तो बोल्ट टॉर्क रेंचनं आवळ, हातानं काय आवळतोस!"

"आवळला रे. तू येऊन बघ."

"मला दे ती गाडी, महिन्यात रोडवर आणून दाखवतो."

परीक्षितच्या मागून कधीकधी एक कानटोपी पडद्यावर सरकायची. ते त्याचे वडील, प्रल्हादकाका. नाशिकला पोस्टात नोकरी केलेला माणूस, नोव्हेंबरात सहा महिन्यांसाठी आलेला. मुलगा आणि सून, दोघं कामावर. काका मफलर गुंडाळून ओक ट्री रोडच्या दुकानांपर्यंत जायचे आणि काही न घेता परत यायचे. या सगळ्या इंजिनिअरांत मीराची चौकशी करणारे ते एकटेच.

"मीरा जेवली का गं? दाखव बरं. आमच्या घरात बोलायला कुणी लेकरू नाही."

मग उल्का फोनसमोर मीराला धरायची. मीरा म्हणायची, "हाय आजोबा, धिस इज अ स्क्रू," आणि उल्का तो स्क्रू तिच्या हातातून काढून घ्यायची.

थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला सुलेखाबाईही आल्या. बॅगेत लोणचं, मोरावळा, सांडगी मिरच्या आणि सहाण. त्यांनी पहिल्याच दिवशी मिरच्या तळल्या आणि वरच्या पॅसेजमधला धुराचा आणि विषारी वायूचा अलार्म असा किंचाळला की मीरा टेबलाखाली जाऊन बसली.

"काय बाप्पा हे! माणसानं जेवायचं की नाही?"

यतीननं स्टुलावर चढून अलार्मचा गळा आवळला. "मी बघतो त्याचं," तो म्हणाला. उल्का खाली टेबलाखालून मीराला बाहेर काढत होती. त्यानंतर वर जाता-येता तिची नजर छताकडे जायची, तिथे पांढरी गोल तबकडी दिसायची, आणि तिचं समाधान व्हायचं.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी इंजिन सुरू झालं. त्याला आधी नारळ फुटला, हळद-कुंकू लागलं, सुलेखाबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं. चाक फिरणार नव्हतं, पण लिंबाची तयारी होती. किल्ली फिरली आणि सगळं घर बुडापासून थरथरलं. कपाटातले कप एकमेकांवर वाजले. मूळच्या मेकॅनिकलांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी आनंदाचंच आहे असं सगळ्यांनी धरून चाललं.

सोमवारी वसाहतीच्या असोसिएशनकडून ईमेल आली. आवाजाची तक्रार होती, आणि गराजचं दार विनाकारण उघडं ठेवू नये अशी आठवणही. या वसाहतीत दाराचा रंगसुद्धा विचारून लावायचा असतो. तेव्हा यतीननं पुढच्या शनिवारपासून दार बंद ठेवलं. थंडीही होतीच.

"आणि धूर?" उल्कानं विचारलं.

"त्याची सिस्टीम केलीय."

ती सिस्टीम म्हणजे कपडे वाळवायच्या मशीनच्या मागची चंदेरी नळी. तिचं एक टोक गाडीच्या धुराड्याला चिकटपट्टीनं गुंडाळलेलं आणि दुसरं बाजूच्या दाराखालच्या फटीतून बाहेर काढलेलं. या डिझाइनवर रीतसर चर्चा झाली होती. चिकटपट्टी तापल्यावर सुटली तर, असं एकानं विचारलंही होतं. त्याची पिवळी चिठ्ठी बोर्डावर लागली: 'फेज टू.'

यानंतर दर शनिवार-रविवारी दुपारी इंजिन चालू राहायचं. कार्ब्युरेटरला पेट्रोल आणि हवेचं प्रमाण जमत नव्हतं. ते जमवायला यतीन स्क्रू पाव फेरा इकडे फिरवायचा, परीक्षित फोनवरून "तिकडे" म्हणायचा, मग तो पाव फेरा तिकडे फिरवायचा. वास आला की यतीन बाजूच्या दारातून बाहेर डोकावून यायचा आणि त्याला वाटायचं की गराजसुद्धा त्याच्याबरोबर डोकावून आलं.

आणि त्याच सुमाराला घरात एकेकाला काहीबाही होऊ लागलं.

सुलेखाबाईंचं डोकं शनिवारी संध्याकाळी ठणकायचं. त्यांना कारण ताबडतोब कळलं. "पित्त. इथलं पाणीच पित्तकर आहे." त्या मोरावळा खायच्या आणि सोमवारपर्यंत उतार पडायचा, त्यामुळे मोरावळ्यावरचा त्यांचा विश्वास आठवड्यागणिक वाढत गेला. यतीनचंही डोकं दुखायचं. ते स्क्रीनमुळे. उल्काला मळमळायचं. ते टेन्शनमुळे, असं यतीन म्हणाला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती शनिवारी घरून थेट मैत्रिणीकडे, आसावरीकडे गेली आणि तिळाची वडी पुढे आली तेव्हा तिनं मान फिरवली. एवढं पुरलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"काय गं, मीराला भाऊ की बहीण?"

"अहो नाही, जरा गरगरतंय फक्त."

"गरगरतंयच म्हणायचं असतं पहिले तीन महिने," आसावरी म्हणाली आणि तिच्या ओटीत जास्तीचं फळ पडलं. ती घरी पोचेपर्यंत एकीनं मोठ्या मापाचे कपडे देऊ केले होते आणि दुसरीनं आपल्या मुलाचा पाळणा.

पण उल्काची खरी काळजी वेगळीच होती. मीरा झोपत होती.

कुठल्याही आईला ही तक्रार सांगून पाहा, ती तुम्हाला दारातून हाकलून देईल. मीरा एरवी दुपारी तासभर झोपायची आणि उठली की घर डोक्यावर घ्यायची. आता शनिवारी-रविवारी ती दुपारी निजली की दिवे लागेपर्यंत उठत नसे. उठली की मलूल, किरकिरी, दूध नको म्हणणारी. सुलेखाबाई धन्य झाल्या होत्या.

"पाहिलंस? आजी असली की कसं लेकरू शांत झोपतं. मी दुधात जायफळ देते उगाळून."

उल्काच्या हातातला चमचा थांबला. "जायफळ? किती देता, आई?"

"किती म्हणजे? सहाणेवर दोन वेढे. यतीनला तीन द्यायची मी. तो त्याच्या बापावर गेलेला, दोनानं काही होत नव्हतं."

उल्कानं वाचायला सुरुवात केली. जायफळ जास्त झालं तर गुंगी येते, मळमळतं, हृदयाचे ठोके वाढतात. वाचता वाचता तिचंही डोकं दुखायला लागलं, पण त्या दिवशी शनिवार होता.

"आई, इथल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नका देऊ."

"विचार ना. त्यांना काय कळतं जायफळातलं? कॉफीवर भुरभुरतात ते लोक."

"पण ती फार झोपतेय!"

"झोपली तर ओरड, जागली तर ओरड. यतीनऽऽ, तुझ्या बायकोला सांग, लेकराला झोपल्याबद्दल कुणी दवाखान्यात नेत नसतं."

यतीननं गराजच्या दारातून तेलकट चेहरा आत घातला. "आई म्हणते ते बरोबर आहे. आणि उल्का, तू थोडी रिलॅक्स हो ना, यार." आणि दार लावून घेतलं. ते नेहमीप्रमाणे चौकटीत बसलं नाही.

उल्कानं जायफळ डायपरच्या खोक्यात तळाशी लपवलं. त्या घरात डायपरच्या खोक्याला तिच्याखेरीज कुणाचा हात लागत नव्हता, तेव्हा जागा सुरक्षित होती. पुढच्या शनिवारी सुलेखाबाई सहाण घेऊन घरभर फिरल्या आणि रागावून बसल्या. मीरा बिनजायफळाचं दूध पिऊन निजली. आणि दिवे लागेपर्यंत उठली नाही.

हे काही उल्काच्या हिशेबात बसेना.

त्याच्या पुढच्या शनिवारी यतीनच्या ऑफिसचं काहीतरी कोसळलं. तो दिवसभर लॅपटॉपला चिकटून बसला आणि गराजमध्ये कुणी फिरकलं नाही. दुपारी मीरा निजली आणि तासाभरात उठून तिनं पुस्तकांचं कपाट खाली रिकामं केलं. उल्का आनंदानं पुस्तकं उचलायला गेली, तेव्हा सुलेखाबाई गालातल्या गालात हसत होत्या.

"लपव तू. मी बॅगेत चार आणली आहेत. आज चांगले तीन वेढे दिले तिला."

उल्का पुस्तकं हातात घेऊन जमिनीवरच बसून राहिली. जायफळ नव्हतं तेव्हा मीरा झोपली होती. तीन वेढे दिले तेव्हा ती ठणठणीत होती. आज सासूबाईंनी पित्ताचं नावही काढलं नव्हतं, आणि तिनं स्वतः दोन ताटल्या साबुदाण्याची खिचडी खाल्ली होती. या शनिवारी सगळ्यांचं सगळं बरं होतं, आणि बंद होतं ते एकच.

"यतीन," ती म्हणाली, "ते इंजिन सुरू असलं की आपण सगळे आजारी पडतो."

यतीन कानाला हेडसेट लावून बसला होता. त्यानं तिच्याकडे न पाहताच बोट वर करून थांबायला सांगितलं. मग म्यूट करून म्हणाला, "मागच्या महिन्यात तू म्हणालीस गालिच्यामुळे. त्याआधी नॉनस्टिक तव्यामुळे. परवा जायफळामुळे. आज इंजिन?"

तिच्या काळजीचा हाच मोठा तोटा होता. तिनं आजवर इतक्या गोष्टींना भिऊन दाखवलं होतं की खऱ्या भीतीला आवाज उरला नव्हता.

"तरी अलार्म आहे ना वर," तीच स्वतःला म्हणाली. "तो वाजला असता."

रविवारी जेवणं झाल्यावर मीरा निजली, तिच्या शेजारच्या खुर्चीत सुलेखाबाई जपमाळ घेऊन बसल्या, आणि खाली इंजिन सुरू झालं. उल्का भांडी लावत होती. दोन्ही कानशिलांत हलके हलके काहीतरी ठोकू लागलं. तिनं हात पुसले, खुर्ची घेतली, जिना चढली आणि पॅसेजमध्ये अलार्मखाली खुर्ची मांडून वर चढली.

छतावर नुसती तबकडी होती. अलार्म अडकवायची प्लास्टिकची बैठक. अलार्म नव्हताच.

ती खोलीत धावली. पडदे लावलेले, उबदार अंधार, भिंतीवरचे हत्ती. मीराचे गाल लाल झाले होते.

"मीरा. मीरू, ऊठ."

मीरानं डोळे उघडले नाहीत. उल्कानं तिला उचललं तशी मान एका बाजूला कलंडली. खुर्चीत सुलेखाबाईंची माळ मांडीवरून घसरून खाली पडली होती आणि तोंड उघडं होतं.

"आई! आई, उठा! बाहेर चला आधी!"

"अं... डोळा लागला का गं... पित्त..."

तिनं एका खांद्यावर मुलगी घेतली, दुसऱ्या हातानं सासूच्या दंडाला धरून जिना उतरवला आणि पुढचं दार सताड उघडं टाकून तिघी हिरवळीवर आल्या. बाहेर बोटं आखडवणारी थंडी होती. सुलेखाबाई मोज्यांवर उभ्या होत्या. "अगं, सर्दी होईल लेकराला! टोपी तरी घाल!" म्हणता म्हणता त्या खाली बसल्या आणि ओकल्या. उल्कानं 911 लावला. मीराच्या तोंडावर गार वारा लागला, तिनं एक लांब श्वास घेतला, आणि मग रडली. असं खणखणीत रडणं उल्कानं यापूर्वी एकदाच ऐकलं होतं, ती जन्मली तेव्हा.

बाजूच्या दारातून यतीन आला. हात भिंतीला टेकवून चालत होता.

"काय झालं? अगं, आत्ता कुठे इंजिन एका लयीत यायला लागलं होतं!"

मग त्याला आई दिसली. मग मुलगी. 

आगीचा बंब आला तेव्हा सगळी वसाहत आपापल्या ड्राइव्हवेवर उभी होती. बंबाबरोबर आलेली बाई हातात कार्बन मोनॉक्साइड मोजायचं मीटर घेऊन आत गेली. मीटर दारात कुरकुरलं, जिन्यावर ओरडलं, आणि पिवळ्या खोलीत गेल्यावर थांबेचना. "वुई हॅव अ सिस्टीम," यतीननं दुसऱ्या जवानाला सांगायला सुरुवात केली. जवानानं चंदेरी नळी बोटानं उचलली. ती धुराड्यापासून केव्हाच सुटून जमिनीवर पडली होती. 

हॉस्पिटलात सगळ्यांना ऑक्सिजन लावला. मीरानं मास्क ओढून काढला, पुन्हा लावला की पुन्हा काढला, आणि उल्का प्रत्येक वेळी हसत होती आणि डोळे पुसत होती. डॉक्टर म्हणाल्या, वेळेत आणलंत, सगळी बरी होतील. सुलेखाबाईंनी नागपूरला फोन लावून मास्कमधूनच सांगितलं, "आम्हा सगळ्यांना गॅस झाला होता." पलीकडून थोरल्या जाऊबाईंनी लगेच ओवा चावून खायला सांगितला.

घरी आल्यावर उल्कानं अलार्म शोधला. तो गराजमध्ये हत्यारांच्या खणात निघाला, पोट उघडं, आत बॅटरी नाही. ती बॅटरी यतीनच्या मल्टिमीटरमध्ये होती. वायरिंग तपासताना नेमकी त्याच मापाची लागली होती. यतीन ती बॅटरी हातात घेऊन पायरीवर बसला.

"बोल ना काहीतरी," तो म्हणाला.

"काय बोलू? तू मूळचा मेकॅनिकल आहेस."

"उल्का, मला खरंच वाटलं होतं की मी... तिनं बघावं म्हणून..."  उल्कानं त्याच्या हातातून बॅटरी घेतली, खिशात ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली. बसली, पण बोलली एवढंच, "गाडी जायला हवी."

मित्रमंडळींनी मात्र बोर्डासमोर रीतसर बैठक घेतली. काय चांगलं झालं या रकान्यात पहिली चिठ्ठी होती: 'इंजिन सुरू झालं.'

गाडीला गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. पुढच्याच आठवड्यात परीक्षित भाड्याचा ट्रक आणि ट्रेलर घेऊन न्यू जर्सीहून आला, आणि नव्या नवरीला न्यायला आल्यासारखा गाडीभोवती फिरला. उल्कानं त्याला जेवायला वाढलं आणि जेवण होईपर्यंत सगळं सांगितलं. झोप, डोकेदुखी, मीराची कलंडलेली मान.

"वहिनी, वाईट झालं, पण हा यतीनचा वेडेपणा. माझ्या गराजवर कुणी झोपतच नाही."

"शेजारी कोण झोपतं?"

"शेजारी खालची खोली आहे, तिथे बाबा असतात. पण मध्ये दार आहे."

"आमच्याकडेही दार होतं."

"वहिनी, मी मूळचा..."

"दार उघडं ठेवाल ना? गराजचं मोठं दार. शपथ घ्या."

"तिकडं बर्फ असतो हो! तुम्ही फार टेन्शन घेता." तो हसला. उल्कानं नव्या अलार्मचा खोका त्याच्या हातात दिला. त्यानं तो गाडीच्या सीटवर टाकला आणि लाल फायबर ट्रेलरवर डुलत डुलत वसाहतीबाहेर गेलं. असोसिएशनकडून आभाराची ईमेल आली.

ही सगळी गोष्ट झाली, आता आजचं.

आज सकाळी परीक्षितनं मित्रमंडळींच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. त्याचं गराज, चालू इंजिन, अंगठा वर केलेला तो. त्याच्या मागे गराजचं मोठं दार खालपर्यंत बंद. अलार्मचा खोका प्लास्टिकसकट कामाच्या टेबलावर, वर नट-बोल्टची वाटी ठेवलेली. तासाभरानं त्याच्या बायकोचा, हिमानीचा मेसेज आला. ती औषधाच्या दुकानात शनिवारची ड्यूटी करते, तिथे आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. "बाबा कालपासून पडूनच आहेत. जेवायला उठत नाहीत, कंटाळा आलाय म्हणतात. तोंडाला चव येईल असं काही सुचवा ना." ग्रुपनं भराभर सुचवलं. मेतकूट-भात. लिंबाचं गोड लोणचं. आमसुलाचं सार. एकीनं रेसिपीचा व्हिडिओ टाकला.

उल्कानं लिहिलं: "इंजिन बंद करा. काकांना बाहेर काढा. आत्ता." खाली दोन हसरे चेहरे आले, आणि एक प्रश्न, सारात गूळ घालायचा का.

तिनं परीक्षितला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. त्या इंजिनाशेजारी फोन ऐकू येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? हिमानीचा फोन लॉकरमध्ये. त्या दुकानाचं नाव तिला माहीत नाही. तिकडच्या पोलिसांना फोन केला, ते यतीनकडे असलेल्या पत्त्यावर जाऊन आले. तिथे आता एक गुजराती कुटुंब राहतं. परीक्षित डिसेंबरातच दुसऱ्या भाड्याच्या घरात गेला, आणि नवा पत्ता विचारायचं कुणाला सुचलं नाही, सगळं फोनवरच चाललं होतं. यतीन गाडी काढून निघालाय. त्यानं या वेळी एक शब्दही विचारला नाही. पण कॅरीहून तिथं पोचायला दिवस जाईल, आणि वाटेत बर्फ आहे.

म्हणून उल्का तुम्हालाच विचारते आहे. तुम्ही आयसेलिनच्या बाजूला राहता का? किंवा तुमचं कुणी राहतं का? काका नव्या घरूनही ओक ट्री रोडच्या दुकानांपर्यंत चालत जातात, म्हणजे तिथून म्हातारा माणूस चालत जाईल एवढ्याच अंतरावर घर आहे. ग्रुपवर आलेल्या नव्या घराच्या फोटोत गराजचं दार निळं, आणि पायरीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली तुळस. जरा जाऊन बघा. बेल वाजवा, कुणी आलं नाही तर निळं दार ठोका. परीक्षित तुम्हाला हसेल, हसू द्या, त्याच्याशी बोलत थांबू नका. खालच्या खोलीच्या खिडकीवर टकटक करा आणि प्रल्हादकाकांना मोठ्यानं हाक मारा. ओ आली नाही तर लगेच 911 लावा. आणि आली, तर तेवढं उल्काला कळवा.